‘आता आराम करा’ या सल्ल्याविषयी



दीर्घायुष्य हा विषय व्याख्यानाला घेतला की श्रोत्यांची एक अपेक्षा ठरलेली असते. शंभरी गाठलेल्या कोणाची तरी दिनचर्या वक्त्याने सांगावी, तो पहाटे किती वाजता उठतो, काय खातो, कोणता काढा घेतो, आणि आपण ते टिपून घ्यावे. महाराष्ट्रात अशा वेळी महर्षी कर्व्यांचे नाव हमखास निघते. १८५८ साली जन्मलेले अण्णा १९६२ साली गेले, म्हणजे १०४ वर्षे जगले. ७८व्या वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली, ८६व्या वर्षी समता संघ काढला. आदर वाटावा असेच हे आयुष्य आहे; पण एका माणसाच्या आयुष्यावरून आरोग्याचा नियम काढता येत नाही. तशीच दिनचर्या ठेवून साठीत गेलेल्या माणसावर कोणी व्याख्यान देत नाही, त्यामुळे आपल्या नजरेला टिकलेले तेवढेच पडतात. शतायुषींच्या बाबतीत तर नोंदींचाही भरवसा नसतो. जपानमध्ये २०१० साली तपासणी झाली, तेव्हा कुटुंबनोंदणीत जिवंत दाखवलेल्या शंभरीपुढच्या दोन लाखांहून अधिक माणसांचा ठावठिकाणाच लागेना. अनेकजण केव्हाच वारले होते आणि कागदावर तेवढे वाढदिवस साजरे होत होते. तेव्हा शतायुषींची रहस्ये आज बाजूला ठेवू आणि सामान्य माणसाच्या हातात काय आहे ते पाहू.

सामान्य माणसाच्या हातात आज बरेच काही आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आता साठी ओलांडलेल्या माणसाला सरासरी आणखी सुमारे १८ वर्षे मिळतात. राज्य सरकारच्या नोकरीतला बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे नोकरीच्या निम्म्याहून अधिक लांबीचा काळ त्याच्यापुढे मोकळा पडलेला असतो. हा काळ कसा काढायचा याविषयी आपल्या समाजाचे मत ठाम आहे: खूप केलेत, आता आराम करा. जेवण हलके ठेवा, जिने चढू नका, खाली बसू नका, बाहेर पडू नका, डोक्याला ताप करून घेऊ नका. या सगळ्या सूचनांमागे एकच कल्पना आहे. शरीर म्हणजे मोजकी शिल्लक, ती जपून वापरली की जास्त दिवस पुरते. माझे म्हणणे असे आहे की वार्धक्यात ही कल्पना उलटी पडते. चाळिशी-पन्नाशीत माणसाला मुख्यतः अतिरेक मारतो. तंबाखू, मीठ, वाढलेले पोट, बसून केलेली नोकरी. सत्तरीनंतर त्यांच्या जोडीला दुसरा शत्रू येतो आणि तो हळूहळू वरचढ होतो. तो म्हणजे घट. स्नायू घटतात, तोल घटतो, भूक घटते, ओळखीची माणसे घटतात. अशा वेळी जी सवय आणखी कमी करायला सांगते, ती कितीही सात्त्विक वाटली तरी आयुष्याच्या विरोधात काम करते.

या मुद्द्याचा पहिला मोठा पुरावा लंडनच्या बसमधून आला. १९५३ साली डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बसचालकांची आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. गाडी तीच, रस्ते तेच, धूर तोच, वस्तीही साधारण सारखीच. फरक एवढाच की चालक दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दुमजली बसचा जिना दिवसातून शेकडो पायऱ्या चढत-उतरत असलेला. मुंबईच्या डबलडेकरमध्ये तिकीट फाडून घेतलेल्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. हृदयविकार चालकांमध्ये जास्त आढळला. टीकाकार म्हणाले, जाड माणसेच चालकाची नोकरी धरत असतील. मॉरिस मागे हटले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापे मिळवून तपासली. चालकांची कंबर जास्त होती हे खरे निघाले, पण कंबर सारखी असलेल्यांची तुलना केली तरी फरक पुरता पुसला जाईना. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले, हे जाता जाता सांगतो. वर कर्व्यांबद्दल जे म्हटले तेच त्यांनाही लागू आहे, म्हणून पुरावा म्हणून सांगत नाही.

पण ती माणसे मध्यमवयीन होती. म्हाताऱ्यांचे काय? २०११ साली अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या ३४ हजारांहून अधिक माणसांच्या नऊ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून तपासण्यात आल्या. प्रत्येकाचा नेहमीचा चालण्याचा वेग मोजलेला होता. सेकंदाला दहा सेंटिमीटरने वेग जास्त असला की मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी, असा हिशेब निघाला. त्याच्या पुढच्या वर्षी रिओ दि जानेरोमधल्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना त्यांनी फक्त जमिनीवर बसून उठायला सांगितले होते. हाताचा, गुडघ्याचा आधार घ्यावा लागला की प्रत्येक आधाराला एक गुण वजा, असे दहापैकी गुण. शून्य ते तीन गुण मिळालेल्यांचे पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळालेल्यांच्या पाचपटीहून जास्त होते. पाटावर बसून जेवणाऱ्या पिढीने ही परीक्षा दिवसातून दोनदा दिली आणि तिला परीक्षा म्हणतात हे तिच्या गावीही नव्हते.

इथे चिकित्सक श्रोता हात वर करील आणि त्याने करायलाच हवा. तो म्हणेल, तुम्ही कार्य आणि कारण यांची अदलाबदल करता आहात. ज्याची प्रकृती चांगली तो भरभर चालतो. भरभर चालल्याने प्रकृती चांगली राहते असे कुठे सिद्ध झाले? आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तुडवणारे वयस्क वारकरी काटक दिसतात, पण ज्यांना चालवत नाही ते घरीच राहिलेले असतात. दिंडीकडे पाहून वारीने माणूस काटक होतो असे म्हणणे आणि काटक माणूस वारीला जातो असे म्हणणे, दोन्ही सारखेच शक्य आहे. आक्षेप बिनतोड आहे. नुसत्या पाहणीने त्याला उत्तर देता येत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. म्हणजे माणसांना मुद्दाम विश्रांती द्यायची किंवा मुद्दाम हालवायचे आणि काय होते ते मोजायचे.

विश्रांतीचे प्रयोग झालेले आहेत. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तीस वर्षांनी, ते पन्नाशीला आल्यावर, त्याच पाचजणांची पुन्हा तपासणी झाली. श्रम करण्याची त्यांची क्षमता तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटली होती, त्यापेक्षा जास्त ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती. माणसे पाचच होती, त्यामुळे आकड्याला फार ताणू नये. पण दिशा स्पष्ट आहे. २००७ साली हाच प्रयोग साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांवर दहा दिवसांसाठी झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस गेले. ही निरोगी माणसे होती. न्यूमोनियाने किंवा शस्त्रक्रियेने दवाखान्यात दाखल झालेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाचे काय होत असेल याचा यावरून अंदाज यावा. आपल्याकडे ‘आजीने अंथरूण धरले ते धरलेच’ असे बोलतात, त्यातला निम्मा दोष आजाराचा नसतो, अंथरुणाचा असतो.

आता उलट बाजूचा प्रयोग. बोस्टनच्या एका वृद्धनिवासात डॉक्टर मारिया फियाटारोन यांनी सरासरी ९० वर्षांच्या दहा दुर्बल रहिवाशांना मांडीच्या स्नायूंचे वजन उचलण्याचे व्यायाम आठ आठवडे दिले. नव्वदीच्या माणसाकडून वजन उचलून घेणे हा त्या काळी वेडेपणाच वाटला असता. निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती आणि दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले होते. १७४ हा आकडा डोळे दिपवणारा आहे, पण मुळात ताकद फारच थोडी उरली होती हे लक्षात ठेवावे. माझ्या दृष्टीने त्याच अहवालातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत सुमारे एक तृतीयांश ताकद पुन्हा गेली. म्हणजे कमावलेले बळ गाठीला बांधून ठेवता येत नाही. ते रोज वापरले तरच राहते. चार वर्षांनी तिथेच शंभर रहिवाशांवर मोठा प्रयोग झाला. त्यात काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना यातले काहीच नाही असे गट पाडले होते. व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली. नुसते पेय घेणाऱ्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. औषधाच्या दुकानातल्या काचेमागे रांगेने मांडलेल्या प्रोटीनच्या डब्यांकडे पाहताना ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

तरीही आक्षेपकाचे पूर्ण समाधान झालेले नसणार. ताकद वाढली, मान्य. आयुष्य वाढले का? याचे प्रामाणिक उत्तर देताना माझ्या बाजूला गैरसोयीचा एक पुरावा सांगितलाच पाहिजे. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात ७० ते ७७ वयाच्या १५६७ माणसांवर पाच वर्षे प्रयोग झाला. काहींना जोराचा व्यायाम, काहींना मध्यम, तर तिसऱ्या गटाला फक्त सरकारी शिफारशीप्रमाणे हालचाल ठेवा एवढेच सांगितले. २०२० साली निष्कर्ष आले. व्यायामाच्या गटांतले आणि तिसऱ्या गटातले मृत्यूचे प्रमाण यांत ठरवून सांगता येईल असा फरक निघाला नाही. विरोधकांनी हे वापरावे, त्यांचा तो हक्क आहे. पण तपशील असा की तिसरा गटही स्वस्थ बसला नव्हता. नॉर्वेतली ती माणसे मुळातच भरपूर चालणारी. पाच वर्षांत तिन्ही गटांत मिळून शेकडा पाचांहूनही कमी माणसे दगावली. तेव्हा या प्रयोगातून एवढेच कळते की आधीच हालचाल करणाऱ्याने आणखी घाम गाळला तर मिळकत थोडी असते. बसून राहणाऱ्याने उठावे की नाही, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. तो अमेरिकेतल्या एका प्रयोगात विचारला गेला. ७० ते ८९ वयाच्या, बैठ्या सवयीच्या १६३५ माणसांपैकी निम्म्यांना चालणे आणि जोडीला ताकदीचे व तोलाचे व्यायाम दिले, निम्म्यांना आरोग्यविषयक वर्ग. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात वर्गातल्या ३५.५ टक्क्यांना चारशे मीटर चालणे जमेनासे झाले. व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ३०.१ टक्के राहिले. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. त्यामुळे माझा दावा मी मापात ठेवतो. हालचालीने म्हातारपणी माणूस स्वतःच्या पायांवर राहतो, हे प्रयोगाने दिसले आहे. त्याने आयुष्यही वाढते, हे बऱ्याच पुराव्यांवरून संभवनीय आहे. आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या बहुतेकांचे देवाकडे मागणे पहिल्या गोष्टीचेच असते: हातपाय चालते आहेत तोवर ने.

मग करायचे काय? दहा हजार पावलांची धास्ती आधी सोडावी. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राबरोबर पसरला. त्यामागे वैद्यकीय अभ्यास नव्हता. सरासरी ७२ वर्षांच्या जवळपास १७ हजार अमेरिकन स्त्रियांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दिवसाला २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते आणि ७५०० च्या पुढे फायदा वाढलाच नाही. ही पुन्हा पाहणीच आहे, प्रयोग नाही. पण भाजी आणणे, देवळात जाऊन येणे आणि संध्याकाळची एक फेरी एवढ्यात ४४०० चा आकडा गाठता येतो, हे नक्की.

नुसत्या चालण्यापेक्षाही मी उठण्याला जास्त महत्त्व देतो. आपल्याकडे चालण्याचे कौतुक झाले आहे, उठण्याचे झालेले नाही. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. हात छातीवर घडी करा. तीस सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा पुन्हा बसता येते ते मोजा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचे कोष्टक असे: साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला चौदा आणि बाईला बारा वेळा जमले पाहिजे, पंच्याहत्तर ते एकोणऐंशी वयात अकरा आणि दहा. त्याहून कमी जमले तर पडण्याचा धोका जास्त. हीच परीक्षा हाच व्यायाम आहे, हे तिचे सौंदर्य. दोन्ही वेळच्या जेवणाआधी दहा-दहा वेळा उठले-बसले की झाले. मांडीला रग लागली पाहिजे, छातीत दुखता कामा नये. पहिल्या दिवशी हाताचा आधार लागला तर घ्यावा, आठवड्याभराने एक हात सोडून पाहावा. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणे आणि ओट्याजवळच एका पायावर काही क्षण उभे राहणे. यासाठी बूट नको, बाग नको, शिवाय मालिका चालू असतानाही करता येते.

गुडघ्यांचे काय, असा प्रश्न येणार. आपल्याकडे गुडघेदुखीला ‘झीज’ म्हणतात आणि झिजलेली वस्तू कमी वापरावी हे ओघानेच येते. पण सांधा म्हणजे बैलगाडीचा आस नव्हे. त्याचा भार झेलतात ते मांडीचे स्नायू. ते दुबळे झाले की सगळा भार सांध्यावर येतो, दुखणे वाढते, माणूस आणखी बसतो. गुडघ्याच्या संधिवातात व्यायामाने वेदना कमी होतात हे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले गेले आहे आणि आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत तो पहिल्या उपचारांत मोडतो. सुजलेला, तापलेला गुडघा अर्थातच वेगळा. तिथे आधी डॉक्टर. दुसरी भीती पडण्याची. म्हातारपणी पडणे ही खरोखरच जिवाशी गाठ असते. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण भीतीपोटी हालचाल कमी केली की तोल आणखी जातो. १०८ प्रयोगांचा आणि २३ हजारांवर माणसांचा एकत्रित आढावा २०१९ साली घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते असे दिसले. न्हाणीघरात धरायला एक दांडा आणि रात्री वाटेत एक दिवा, एवढे मात्र आधी करावे.

अडचण खरी घरातल्या मायेची आहे. आपल्याकडे सेवेचे माप एकच: वडीलधाऱ्यांना किती कमी उठावे लागले. सासूबाई पाण्यासाठी उठायला लागल्या की सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी आणते.’ नातू चष्मा आणून देतो, मुलगा कपड्यांच्या घड्या घालायला बाई लावतो. प्रत्येक कृती प्रेमाची असते आणि सगळ्यांची बेरीज डॅलसच्या अंथरुणाकडे जाते. हे बोलणे सेवेचा अपमान वाटेल, याची मला कल्पना आहे. थकलेल्या जिवाला काम सांगा असे मी म्हणत नाही. आजारी माणसाची सेवा आणि चालत्याफिरत्या माणसाची सेवा यांत फरक करावा एवढेच म्हणतो. ज्या घरात आजोबांकडे दूध आणण्याचे काम आहे आणि ते एक दिवस चुकले तर घर अडते, त्या घरात आजोबांना रोज उठण्याचे कारण असते. बाकीचे व्यायामाचे तक्ते कितीही चांगले असले तरी कारणावाचून फार दिवस टिकत नाहीत.

आहाराबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपली सर्वांत मोठी चूक तिथे होते. वय झाले की जेवण ‘हलके’ करायचे, असा आपला दंडक. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, मग अर्धी बशी पोहे. दुपारी एक पोळी, थोडी भाजी, पातळ वरणाची अर्धी वाटी आणि भाताची मूद. चारला चहा आणि खारी. रात्री दूधभात. अनेक घरांतल्या आजीचे हे खरे जेवण आहे. यातल्या प्रथिनांची बेरीज केली तर ती जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमवर थांबते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिलेले प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तर २०१३ साली वयस्कांसाठी किलोमागे एक ते १.२ ग्रॅम सुचवले, कारण वयाबरोबर तेवढ्याच प्रथिनातून स्नायू कमी बनतात. म्हणजे आजीला हवे त्याच्या निम्मेच मिळते आहे आणि ती अशक्त झाली की आपण जेवण आणखी हलके करतो. उपास असला तर साबुदाणा. त्यात प्रथिन जवळपास नाहीच. खिचडीत जे काही असते ते दाण्याच्या कुटाचे.

मिताहाराचे समर्थक इथे विज्ञानच पुढे करतील. कमी खाणाऱ्या उंदरांचे आयुष्य वाढते हे अमेरिकेत क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली दाखवले, हे खरे. पण त्या उंदरांचे अन्न लहानपणापासून मोजले जात होते. ऐंशीच्या आजीचे रात्रीचे जेवण तोडायला त्याचा आधार घेता येत नाही. पन्नाशीत सुटलेले पोट कमी करा, त्याबद्दल वाद नाही. ऐंशीत मात्र आपोआप उतरणारे वजन ही कौतुकाची गोष्ट नाही. ती डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे. उपाय महागही नाहीत. पातळ वरणाऐवजी घट्ट वरणाची भरलेली वाटी, आठवड्यातून तीनदा पिठले, मोडाची उसळ, दह्याची वाटी, भाकरीबरोबर दाण्याची चटणी. खाणाऱ्यांना रोज एक अंडे. कोकणात आणि गोव्यात तर सुकट-जवळा घरात असतोच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यांना विचारूनच प्रमाण ठरवावे. आणि उसळ चावत नाही, ही सबब असेल तर ती सबब नाही, निदान आहे. कवळी बसवून घेणे याला आपण हौस समजतो. कवळीअभावी माणूस मऊ भाताकडे वळतो आणि तिथून अशक्तपणाची उतरण लागते.

एक आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. ऊस तोडून, विटा वाहून, रोपे लावून ज्या बाईची कंबर पन्नाशीतच वाकली, तिला तुम्ही उठाबशा सांगणार का? नाही सांगणार. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. २०१८ साली जवळपास दोन लाख माणसांच्या पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अंगमेहनतीची कामे करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळले. व्यायामात भार माणूस ठरवतो आणि थांबणेही त्याच्या हातात असते. मजुरीत दोन्ही मुकादमाच्या हातात. ‘आराम करा’ हा सल्ला ज्यांना खरोखर हवा आहे त्यांना तो परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो त्यांना तो नको आहे, अशी आपली विचित्र अवस्था आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये हातात पडतात, त्यात डाळ किती येते याचा हिशेब कोणीही करू शकतो. माझे आजचे विवेचन मुख्यतः पेन्शनवाल्या आणि मुलांवर विसंबलेल्या मध्यमवर्गाला लागू आहे, हे मला कबूल आहे.

उरलेल्या सवयींवर थोडक्यात. तंबाखू साठीत सोडली तरी उशीर झालेला नसतो. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी केली, त्यात साठीला धूम्रपान सोडणाऱ्यांना सुमारे तीन वर्षे जास्त मिळालेली दिसली. मशेरीही त्यातच मोडते, ती दातांसाठी आहे ही समजूत सोडावी. रक्तदाबाची गोळी ‘या वयात कशाला’ म्हणून बंद करू नये. ऐंशीपुढच्या ३८४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उपचार घेणाऱ्यांचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. नशिबात असेल तेवढेच, असे म्हणणाऱ्यांसाठी डेन्मार्कच्या जुळ्यांचा अभ्यास आहे. तिथे आयुर्मानातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा आनुवंशिकतेने स्पष्ट होतो. उरलेला सगळा आपल्या हातात नाही, पण कपाळावरही लिहिलेला नाही.

माणसांची सोबत ही मात्र थोडक्यात उरकण्यासारखी गोष्ट नाही. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यातल्या ६९२८ प्रौढांच्या नऊ वर्षांच्या पाहणीत, सगळ्यांत कमी नातीगोती आणि संबंध असलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट निघाले. इथेही प्रकृतीमुळे एकटेपणा की एकटेपणामुळे प्रकृती, हा प्रश्न उरतोच. मला त्यातला साधा दुवा महत्त्वाचा वाटतो: माणूस माणसासाठी उठतो. भजनी मंडळ, भिशी, कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, हास्यक्लब, कशातही जायचे तर कपडे बदलावे लागतात, जिना उतरावा लागतो, ऐकू येत नसेल तर कानाचे यंत्र लावावे लागते. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. त्याच्यावर खर्चाच्या अंगाने टीका झाली. मला ती आरोग्याची योजना वाटते. फक्त एसटीची पहिली पायरी एवढी उंच असते की प्रवास फुकट असूनही कित्येकांना खालूनच परतावे लागते. त्या पायरीखाली एक जादा पायरी जोडण्याचा खर्च आणि मोडलेल्या खुब्याचा खर्च यांची तुलना महामंडळाने आणि आरोग्य खात्याने एकत्र बसून करावी.

शेवटची सूचना डॉक्टरमंडळींना आहे आणि त्यापेक्षा जास्त नातेवाइकांना. वयस्क माणूस दवाखान्यातून घरी जातो तेव्हा डिस्चार्ज कार्डावर गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ लिहिलेल्या असतात आणि खाली ‘विश्रांती’ असा शेरा असतो. विश्रांती किती दिवस, हे तिथे नसते. दिवसातून किती वेळा खुर्चीतून उठायचे, पहिल्या आठवड्यात खोलीतल्या खोलीत किती फेऱ्या आणि दुसऱ्यात कुठपर्यंत, जेवणात वरण किती वाट्या, हेही नसते. चार ओळींचे काम आहे. डॉक्टरांनी आपणहून लिहिले नाही, तर कार्ड हातात घेऊन तिथेच उभे राहावे आणि लिहून मागावे.